घड्याळ बरोबर होतं

कोर्टात एकतीस वर्षं मी लोकांचं बोलणं टाइप केलं. माझं म्हणणं काय ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लघुलेखिकेला मत असलं की कागदावर चुका होतात, असं आमचे पहिले साहेब म्हणायचे. आता मी निवृत्त झाले आहे. कागदही माझा आणि चुकाही माझ्याच, तेव्हा किल्लीवाल्यांबद्दल लिहिते.

किल्लीवाले म्हणजे कोर्टाच्या मागच्या गल्लीत, वळणावर बसणारे गृहस्थ. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर त्यांना उभं राहावं लागायचं. एक किल्ल्या कापायचं यंत्र, एक कानशींचा डबा, दोन स्टुलं, आणि मागच्या भिंतीला एक फळी. त्या फळीवर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्यावर गल्लीतल्या कुणा ना कुणाच्या घराची जादा किल्ली. किल्ली हरवली की लोक धावत यायचे आणि हे न बोलता खिळ्यावरून काढून द्यायचे. आपल्या घराची किल्ली आपण सख्ख्या भावाकडे ठेवताना दहादा विचार करतो. यांच्याकडे अख्ख्या गल्लीने ठेवली होती.

माझीही होती. मी इतकी विसरभोळी, की माझ्या एकटीच्या जोरावर त्या माणसाने म्हातारपणाची सोय केली असावी.

त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. मुलगी लांब, दुसऱ्या देशात. ती रविवारी फोन करायची, आठ मिनिटं. आठ हे मला कसं ठाऊक? तर त्यांनीच सांगितलं होतं. त्यांना वेळ लिहून ठेवायची खोड होती, आणि ती खोडच या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे.

त्यांच्याकडे एक वही असायची. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे घातलेली. एक भरली की दुसरी. कुणाचंही बंद दार उघडायचं असलं की आधी वहीत तारीख, वेळ, पत्ता, बोलावलं कुणी ते, आणि त्याची सही. मगच कुलपाला हात. हे त्यांच्या वस्तादाने शिकवलेलं. वस्तादाने तरुणपणी कुणाच्या तरी तोंडी सांगण्यावरून एक दार उघडलं, आतली एक वस्तू नाहीशी झाली, आणि आठ दिवस कोठडीत काढले. बाहेर आल्यावर त्याने शिष्याला सांगितलं, "मालक नाहीतर कागद. दोन्ही नसेल तर देव आला तरी उघडायचं नाही. आणि वेळ उघडण्याआधी लिहायची. नंतर लिहिलेली वेळ म्हणजे गोष्ट असते."

आणखी एक शिकवण होती. कुलूप उघडलं की पाठ फिरवायची. आत काय आहे ते मालकाचं. आपलं काम कडीपाशी संपलं.

या नियमांपायी गंमतीही व्हायच्या. आमच्या कोर्टातले एक नावाजलेले फौजदारी वकील, ज्यांच्या कोटाची इस्त्री पाहून साक्षीदार आधीच अर्धा खचतो, ते एकदा सकाळी पेपर उचलायला दाराबाहेर आले आणि दार मागे धाडकन बंद झालं. अंगावर टॉवेल, डोक्याला साबण. शेजाऱ्याने किल्लीवाल्यांना बोलावून आणलं. वकील जिन्यात कुडकुडत म्हणाले, "अहो, आधी आत तर जाऊ द्या, मग हव्या तेवढ्या सह्या करतो."

"आधी सही," किल्लीवाले म्हणाले.

शेवटी साबणाच्या बोटांनी सही झाली. 'सकाळी ७.४०. मालक स्वतः हजर.' टॉवेलाचा उल्लेख वहीत नव्हता, तो गल्लीने तोंडी जपला. दार उघडल्यावर किल्लीवाल्यांनी शिस्तीत पाठ फिरवली, आणि वकीलसाहेब तेवढ्यासाठी त्यांचे जन्माचे ऋणी झाले. ही सही पुढे महागात पडणार आहे हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

किल्लीवाल्यांच्या दुकानाला लागून ताईंचं दुकान. ताई शिवणकाम करायच्या. उसवलेलं, फाटलेलं, सैल, घट्ट, सगळं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं मशीन चाललं की यांच्या खिळ्यांवरच्या किल्ल्या किणकिणायच्या. ताईही एकट्या, नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगा. तीन वाजता ताईंचं मशीन थांबायचं, त्या दोन कप घेऊन इकडे यायच्या, आणि दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवायची. ताई वाचायच्या, हे पेन्सिलने भरायचे. पंचवीस मिनिटं. या दोन माणसांच्या आयुष्यात दिवसभरात कुणी आपणहून येऊन बसायचं ते एवढंच. मी दोन-चारदा त्या वेळी गेले आहे. "तीन अक्षरी, शेवटी र. विस्तव ठेवायचं भांडं." "शेगडी." "शेवटी र म्हणतेय मी." "मग तुमचं आडवं चुकलंय, ताई." असं चाललेलं असायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी घरी जाऊन कुणाशी भांडणार?

मुलगा काडीसारखा बारीक, म्हणून गल्ली त्याला काडी म्हणायची. चोवीस वर्षांचा, छापखान्यात कामाला. किल्लीवाल्यांना मामा म्हणायचा, कारण आई त्यांना भाऊ म्हणायची. सुट्टीच्या दिवशी तिसरा कप त्याचा असायचा, आणि तो कोडं पेनाने भरून त्याचा सत्यानाश करायचा. "अरे गाढवा, पेन्सिलने," असं मामा ओरडायचे. खरं तर तो आला की त्यांचा चेहरा उजळायचा.

एका मंगळवारी सकाळी साडेसहाला काडी कामावर जायला निघाला. पाठीला पिशवी, पायी. मोठ्या रस्त्यावर एका गाडीने त्याला उडवलं आणि ती गाडी थांबली नाही. थांबली असती तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाऊण तास तो कडेला पडून होता.

गाडी कुणी पाहिली नव्हती. फुटलेल्या काचेचे चार तुकडे सापडले, बस्स. पिशवी होती, पण तिचा एक पट्टा तुटून गेलेला. तो पट्टा ताईंनी महिन्यापूर्वीच नव्याने शिवला होता, आणि काळा दोरा संपला म्हणून हिरवा घातला होता. काडी म्हणाला होता, "शोभतं गं, राहू दे."

बुधवारी किल्लीवाल्यांना एका ठेकेदाराने बोलावलं. मोठ्या रस्त्यावर त्याचं घर, बाजूला गाडीची बंद खोली. म्हणाला, "या दाराचं कुलूप बदला, गंजलंय." किल्लीवाल्यांनी जुनं कुलूप काढलं. त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. तेल घातलेलं, उत्तम कुलूप. त्यांनी वहीत लिहिलं, ठेकेदाराची सही घेतली, नवं बसवलं आणि घरी आले. ठेकेदाराने त्यांच्यासमोर दार उघडलं नाही. पण नवं कुलूप बसवून झाल्यावर माणूस एकदा तरी दार उघडून बघतो. सगळेच बघतात. याने बघितलं नाही.

दोन दिवस त्यांनी हे पोटात ठेवलं. शेजारी मशीन बंद होतं. शुक्रवारी सकाळी ते चौकीवर गेले आणि इन्स्पेक्टरला सगळं सांगितलं.

आता इथे मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. नुसत्या त्या कुलपाच्या हकिकतीवर झडतीचं वॉरंट मिळालं असतं. आमच्याच न्यायाधीश बाईंनी पुढे निकालात तसं लिहिलं. त्या दिवशी कागदावर सही करणारे साहेब दुसऱ्या सुनावणीत होते, साडेतीनला मोकळे होणार होते. दारावर दोन शिपाई उभे करायचे आणि वाट पाहायची. चार-साडेचार तास. पण इन्स्पेक्टर तरुण होता, त्याने काडीचं प्रेत पाहिलं होतं आणि ताईंचा चेहराही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती. कोर्टात मी वाईट माणसांपेक्षा घाईच्या माणसांनी केलेली नासाडी जास्त पाहिली आहे.

तो किल्लीवाल्यांना घेऊन सरळ ठेकेदाराच्या घरी गेला. ठेकेदार बाहेर गेलेला, घराला कुलूप.

"उघडा."

"साहेब, कागद?"

"कागद येतोय हो. नुसता डोकावतो. नसलीच गाडी तर साहेबांना उगाच कशाला त्रास द्यायचा?"

किल्लीवाले थांबले. तेव्हा इन्स्पेक्टर हळूच म्हणाला, "तुम्हाला मामा म्हणायचा ना तो?"

किल्लीवाल्यांनी वही काढली. तारीख, पत्ता. मनगटावरच्या घड्याळात पाहून लिहिलं, 'स. ११.१०. बोलावणार : पोलीस. मालक नाही. कागद नाही. सही दिली नाही.' आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मालक नसताना आणि कागद नसताना, त्यांनी कुलूप उघडलं.

पाठही फिरवली नाही. आत पाहिलं. गाडी होती. डावा दिवा फुटलेला, आणि खालच्या लोखंडात अडकलेली काळ्या पट्ट्याची वीतभर चिंधी. तिला हिरवी शिवण.

इन्स्पेक्टरने दार पुन्हा लावून घ्यायला लावलं. दुपारी एकला त्याने वॉरंटचा अर्ज लिहिला, साडेतीनला सही मिळाली, सव्वाचारला सगळा लवाजमा घेऊन तो परत आला. किल्लीवाल्यांनी पुन्हा वहीत लिहिलं, पुन्हा कुलूप उघडलं. पंचनाम्यात सकाळचा शब्दही नव्हता. ठेकेदार त्याच संध्याकाळी आत गेला. गल्लीने किल्लीवाल्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ताई दोन कप घेऊन आल्या. कोडं काढलं नाही. त्या नुसत्या बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नसतात तर तो माणूस गाडी धुऊन मोकळा झाला असता."

अकरा महिने गेले. खटला आमच्याच कोर्टात लागला, आणि ठेकेदाराने वकील कोण दिला? तेच, टॉवेलवाले.

वकीलसाहेबांनी कागद वाचले आणि एका ठिकाणी थांबले. दुपारी एकच्या अर्जात इन्स्पेक्टरने लिहिलं होतं : आत डाव्या बाजूचा दिवा फुटलेली गाडी आहे. दार तर म्हणे सव्वाचारला पहिल्यांदा उघडलं. मग एक वाजता डावा दिवा दिसला कुणाला? भिंतीतून? दुसरा एखादा वकील एवढ्यावर आरडाओरडा करून थांबला असता. पण यांनी त्या वहीत साबणाच्या बोटांनी सही केलेली होती. त्यांनी किल्लीवाल्यांना समन्स काढलं : वहीसह हजर राहा.

पुढचं मला किल्लीवाल्यांनीच सांगितलं, बऱ्याच नंतर आणि तुकड्यातुकड्यांनी.

आधी इन्स्पेक्टर येऊन गेला. स्टुलावर बसला, खिळ्यांवरच्या किल्ल्या मोजल्यासारख्या केल्या आणि म्हणाला, "वह्या हरवतात हो, मामा." 'मामा' असं म्हणाला. किल्लीवाल्यांना तो शब्द त्याच्या तोंडून आवडला नाही.

मग तीन वाजता ताई आल्या. सरकारी वकिलाकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"भाऊ, खरंच दोनदा उघडलंत?"

"हो."

"मग एकदाच सांगा की."

"वहीत दोनदा आहे."

"वहीचं पान फाटतं."

त्यांनी वही जवळ ओढली. ताईंनी त्यांचा कप ठेवला. म्हणाल्या, "मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. साधी सुईसुद्धा नाही. माझं एकच होतं, भाऊ." आणि स्वतःचा कप तसाच घेऊन परत गेल्या.

किल्लीवाल्यांनी पान फाडायला धरलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते कानस पुसत होते, वर पाहत नव्हते. पान धरलं, उलटं केलं, तर मागच्या बाजूला एका म्हाताऱ्या आजींची नोंद. दार आतून लागलेलं, शेजाऱ्यांनी बोलावलेलं, आजी आत पडलेल्या, पण वाचल्या. शेजाऱ्यांची सही आधी घेतलेली, आजींनी आपली नंतर केली होती. "ते पान फाडायचं म्हणजे त्या बाईंचं दार मी कुणाच्या सांगण्यावरून उघडलं याचा पुरावा गेला," ते म्हणाले. मला वाटतं आजी हे निमित्त होतं. ज्या माणसाने बायको, मुलगी एकेक करून हातातून जाताना पाहिलं, त्याच्याकडे स्वतःचं म्हणण्यासारखं उरतं किती? त्या वहीत चाळीस वर्षांत एक खोटी ओळ नव्हती. तेवढंच होतं त्यांच्याकडे. आणि ताई होत्या. दोन्हीतलं एक द्यायचं होतं.

साक्षीच्या दिवशी मी माझ्या जागेवर होते, न्यायाधीश बाईंच्या खाली, साक्षीदारापासून तीन हातांवर. किल्लीवाले धुतलेला शर्ट घालून आले होते. काखेत वही. ताई पहिल्या बाकावर, मांडीवर दोन्ही हात उलटे ठेवून.

वकीलसाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांना गरजच नव्हती.

"ही वही तुमची?"

"हो."

"अकरा वाजून दहा मिनिटांची नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"तेव्हा कुलूप उघडलंत?"

"उघडलं."

"मालक होता?"

"नव्हता."

"कागद दाखवला कुणी?"

"नाही."

वकीलसाहेब खाली बसले. बसताना त्यांनी साक्षीदाराकडे पाहिलं नाही, आपला कोट सारखा केला. मग सरकारी वकील उठले. भला माणूस. त्यांनी किल्लीवाल्यांसाठी एक दार अगदी सताड उघडून ठेवलं.

"तुमचं वय किती?"

"त्रेसष्ट."

"घड्याळ कधीचं आहे हे?"

"सव्वीस वर्षं झाली."

"जुनं आहे. बंद पडतं मधेमधे, मागे पडतं, होतं ना असं? आणि घाईत माणूस एकदाच्या भेटीची नोंद चुकून दोनदाही करतो. तुम्ही दुःखात होतात. मुलगा तुम्हाला मामा म्हणायचा. त्या दिवशी वेळ लिहिताना चूक झाली असेल, होय की नाही?"

'असेल.' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. 'होय' नाही, 'नाही' नाही. नुसतं 'असेल'. तेवढ्यावर शंका राहिली असती आणि कदाचित गाडी पुराव्यात राहिली असती. माझी बोटं कळांवर ठेवलेली होती. देवाशप्पथ सांगते, 'अ' वर होतं बोट.

किल्लीवाल्यांनी ताईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कागदावर तो वेळ कुठेच नाही, कारण गप्प बसणं टाइप करता येत नाही. कागदावर प्रश्नाखाली लगेच उत्तर आहे.

"घड्याळ बरोबर होतं," ते म्हणाले. "मी रोज सकाळी कोर्टाच्या घड्याळाशी लावतो. चुकलो मी. कागद नसताना उघडलं."

हे मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. सकाळचं उघडणं बेकायदा. दुपारचं वॉरंट सकाळी चोरून पाहिलेल्यावर उभं, म्हणून तेही गेलं. गाडी, दिवा, पट्टा, हिरवी शिवण, काहीही या कोर्टापुढे येणार नाही. त्यावाचून सरकारपक्षाकडे उरले काचेचे चार तुकडे. ठेकेदार सुटला. न्यायाधीश बाईंनी निकाल सावकाश वाचला आणि लिहिलेला एक शब्दही बदलला नाही.

कोर्टाबाहेर ताईंनी माझा हात धरला. मला त्या ओळखत होत्या, माझे पडदे त्यांनीच शिवलेले.

"गाडी होती ना हो तिथे?"

"होती, ताई."

"माझ्या हातची शिवण होती ना?"

"होती."

"मग ती नव्हती असं का धरायचं?"

मी म्हटलं, "नव्हती असं नाही. कोर्टाने तिकडे पाहायचं नाही, एवढंच."

"म्हणजे डोळे मिटायचे."

मला उत्तर येत होतं. पोलिसांना एकदा असं दार उघडू दिलं तर उद्या ते माझं उघडतील, तुमचं उघडतील. ठेकेदारासाठी नाही, आपल्यासाठी आहे हा नियम. एकतीस वर्षं मी हेच टाइप करत आले होते आणि मला ते पटलेलंही आहे. पण ज्या बाईच्या मुलाचा पट्टा त्या लोखंडात अडकलेला होता तिला हे सांगायला जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "हो, मिटायचे." त्यांनी माझा हात सोडला.

गल्लीचं काय सांगावं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. इन्स्पेक्टरची बदली झाली आणि लोक त्याला विसरले. ठेकेदाराला समोरून कुणी काही बोललं नाही. त्याच्याकडे माणसं होती आणि पैसा होता. उरले किल्लीवाले. एकेक जण आला आणि आपली खिळ्यावरची किल्ली मागून घेऊन गेला. कुणी म्हणे पाहुणे येणारेत, कुणी म्हणे भाडेकरूला द्यायचीय. आपल्या तोंडावर खरं बोललेल्या माणसाकडे किल्ली ठेवायला लोक घाबरले, आणि पान फाडलं असतं तर ठेवली असती. मला हे अजून उलगडलेलं नाही. ते मात्र प्रत्येकाला किल्ली देताना वहीत लिहायचे, 'परत नेली', आणि वेळ टाकायचे.

ताईंनी आपली किल्ली स्वतः येऊन मागितली नाही. एका गिऱ्हाइकाच्या हाती निरोप पाठवला. भिंतीपलीकडे मशीन चालायचं, इकडच्या रिकाम्या खिळ्यांवर किणकिणायला काही उरलं नव्हतं. तीन वाजता मशीन थांबायचं. पंचवीस मिनिटं थांबलेलं असायचं, मग पुन्हा सुरू. एवढ्या पातळ भिंतीच्या दोन्ही बाजूंना ती दोघं ती पंचवीस मिनिटं काय करत असतील, हा विचार मी करत नसे. केला की घरी जेवण जात नसे.

त्यांच्या काउंटरखाली पेपरांची चळत साचत गेली. एकदा मी सहज वरचा उचलला. कोड्याची घरं कोरी होती. खालच्याचीही.

दीड वर्ष असं गेलं. मी निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या तिसऱ्याच आठवड्यात माझी किल्ली हरवली. या वेळी खिळ्यावर जादा किल्ली नव्हती, कारण... लाज वाटते पण लिहिते. सगळ्यांबरोबर मीही परत नेली होती. पाहुणे येणारेत असं सांगून. माझ्याकडे कोण पाहुणे येतात?

त्यांनी घरी येऊन, वहीत सही घेऊन दार उघडलं, पाठ फिरवली, आणि नवी किल्ली कापायला मी त्यांच्याबरोबर दुकानात आले. मी स्टुलावर बसले होते तेवढ्यात शेजारचं मशीन थांबलं. आणि ताई आत आल्या.

हातात कप नव्हते. एक लोखंडी पेटी होती, छोटी, तिला कुलूप. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हिची किल्ली त्याच्या खिशात असायची. त्या दिवशी रस्त्यात कुठे पडली कोण जाणे. आता बहिणीकडे चाललेय राहायला, कायमची. एवढी पेटी बंद नेववत नाही." बोलणं माझ्याशी, काम त्यांच्याशी.

किल्लीवाल्यांनी वही काढली. तारीख. घड्याळाकडे पाहून वेळ. मग त्यांची पेन्सिल मालकाच्या रकान्याशी थांबली. मला वाटलं, अहो, आज तरी राहू द्या ना. पण ताईंनीच वही आपल्याकडे ओढली, रकान्यात मुलाचं नाव लिहिलं, त्यापुढे 'आई हजर' लिहिलं आणि सही केली. त्यांना त्या वहीचे नियम माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

कुलूप उघडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. किल्लीवाल्यांनी पाठ फिरवली आणि रिकाम्या फळीकडे तोंड करून उभे राहिले. ताई आतून एकेक वस्तू काढून पाहत होत्या. मी मान वळवली. कागदाचा आवाज, कापडाचा आवाज, मग काहीच नाही. त्यांची पाठ मला दिसत होती. खांदे अगदी सरळ धरलेले होते, कुणी पाठीमागून मारणार आहे असे.

"झालं," ताई म्हणाल्या.

किल्लीवाल्यांनी वळून कुलपासाठी किल्ली कापली. ते नेहमी दोन कापायचे, एक गिऱ्हाइकाची, एक जादा. दोन्ही काउंटरवर ठेवल्या. ताईंनी एक उचलली.

"दुसरी?" त्यांनी विचारलं. दीड वर्षात त्यांनी ताईंशी बोललेला तो पहिला शब्द.

"दुसरी कुणाला द्यायची?"

न नेलेली किल्ली तशीच ठेवायची नाही, हाही वस्तादाचाच नियम. त्यांनी कानस घेतली आणि ताईंच्या समोर त्या दुसऱ्या किल्लीचे दात घासून सपाट केले. ताई जायच्या थांबल्या. पाहत राहिल्या. मग पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, 'असेल' म्हणाला असतात तर चाललं असतं ना?"

"चाललं असतं, ताई."

"मग का नाही म्हणालात?"

"म्हणणार होतो," ते म्हणाले. "पण मग तुमच्यासमोर रोज तीन वाजता कसा बसलो असतो?"

ताईंनी पेटी काखेत घेतली.

"आता तरी कुठे बसता?" त्या म्हणाल्या.

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या पायरी उतरून गेल्या आणि थोड्या वेळाने त्यांच्या दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. कुलूप लावल्याचा आला. मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

किल्लीवाल्यांनी लोखंडाचा कीस हाताने गोळा करून डब्यात टाकला. मग माझी किल्ली यंत्राला लावली.

"एक की दोन?" त्यांनी विचारलं.

"दोन करा," मी म्हटलं. "एक तुमच्याकडे राहू द्या."

त्यांनी मान वर केली नाही. दोन कापल्या. वहीत लिहिलं, 'एक ठेवायला दिली', वेळ टाकली, माझी सही घेतली. मग फळीकडे वळले. खिळे सगळेच रिकामे होते. मधला खिळा ताईंचा. किल्ली हातात घेऊन ते त्याच्यासमोर जरा वेळ थांबले, आणि माझी किल्ली त्यांनी शेजारच्या खिळ्याला लावली.